मोटरवेच्या फाट्याआधीचे बोर्ड: एक मैल, अर्धा मैल आणि तीन पट्टे

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रश्न विचारणारे आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून इंग्लंडला आलेत, वोकिंगला राहतात. शनिवारी मित्राकडे स्लाऊला निघाले होते, एम२५ या लंडनभोवती फिरणाऱ्या मोटरवेवरून (मोटरवे म्हणजे इथला एक्सप्रेसवे) जंक्शन १५ला एम४ हा दुसरा मोटरवे पकडायचा होता, अर्ध्या मैलाचा बोर्ड व्यवस्थित दिसला आणि तरीही फाटा हुकला, मग थेट जंक्शन १६ला, म्हणजे एम४०पर्यंत जाऊन मागे यावं लागलं. त्यांचे प्रश्न तीन आहेत. बोर्डावरचं अंतर नक्की कुठपर्यंतचं असतं, हे बोर्ड अजून आधीपासून का लावत नाहीत, आणि रस्त्याकडेच्या छोट्या निळ्या पाट्यांवरचे आकडे कशाशीच का जुळत नाहीत.

मी १८ वर्षं इथे रस्त्यांच्या दिशादर्शक बोर्डांचं डिझाइन करतोय, त्यातली बरीच वर्षं मोटरवेच्या जंक्शनांवरच गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या. तुम्ही लिहिलंय की बोर्ड दिसला तेव्हा तुम्ही एक ट्रक ओव्हरटेक करून तिसऱ्या लेनमध्ये होता (लेन डावीकडून मोजायच्या, पहिली म्हणजे सगळ्यात डावीकडची). सगळी गोम तिथेच आहे. बोर्डावर अंतर लिहिलेलं असतं पण गाडी चालवणाऱ्याला हवी असते वेळ, आणि तुमच्याकडे किती सेकंद उरलेत ते तुम्ही कुठल्या लेनमध्ये आहात त्यावर ठरतं. अर्ध्या मैलाचा बोर्ड पहिल्या लेनमधल्या माणसाला भरपूर आधी आलेला असतो, तिसऱ्या-चौथ्या लेनमधल्याला उशिरा.

आधी बोर्डावरच्या 'एम'चा गोंधळ मिटवून टाकू, कारण आपल्याकडून येणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडखळतो. बोर्डावर १/२ आणि पुढे इंग्रजी छोटं 'एम' अक्षर असतं ते मैल. आयुष्यभर आपण त्या अक्षराला मीटर म्हणत आलोय, त्यामुळे मेंदू क्षणभर गोंधळतो, आणि त्या क्षणात गाडी तीस मीटर पुढे गेलेली असते. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या बोर्डांवर अंतर मैल आणि यार्डात असतं, मीटर तिथे येत नाही. दुसरा गोंधळ जास्त खोल आहे असं मला वाटतं. आपण लहानपणापासून मैलाचे दगड वाचत मोठे झालो, पिवळ्या डोक्याचा दगड, त्यावर 'पुणे ४२', म्हणजे पुणं ४२ किलोमीटर. गाव आणि आकडा शेजारी दिसले की तो आकडा त्या गावाचा, ही सवय हाडात मुरलेली असते. फाट्याआधीच्या बोर्डावर गावांची नावं असतात आणि खाली अंतर असतं, पण ते अंतर त्या गावांचं नसतं, फाट्याचं असतं. गावांपर्यंतचे मैल लिहिणारा बोर्ड वेगळा, तो जंक्शन ओलांडल्यावर पुढे लागतो, आपण बरोबर रस्त्यावर आहोत याची खात्री करून द्यायला.

फाट्याचं म्हणजे फाट्यातल्या कुठल्या जागेचं? बरेच लोक समजतात की जिथे दोन रस्ते फुटतात आणि मधे पांढऱ्या तिरक्या रेषांचा त्रिकोण असतो, तिथपर्यंतचं. तसं नाहीये. साध्या जंक्शनला डावीकडे बाहेर पडण्यासाठी जास्तीची लेन जिथून उघडायला लागते, वेग कमी करायची ती लेन, तिच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर असतं. म्हणजे आकडा शून्यावर येतो तेव्हा बाहेर पडायची संधी संपलेली नसते, सुरू झालेली असते, पण ती फक्त त्याच माणसासाठी जो आधीच डावीकडच्या लेनमध्ये आहे.

आता सेकंदांचा हिशेब करा, एकदा हातानं करून बघितला की विसरत नाही. मोटरवेवर गाड्यांना कमाल मर्यादा ताशी ७० मैल, आपल्या भाषेत साधारण ११२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. एक मैल म्हणजे १६०९ मीटर, जायला लागतात साधारण ५१ सेकंद. अर्ध्या मैलाला २६. फाट्याजवळची तीन तिरक्या पट्ट्यांची पाटी ३०० यार्डांवर, म्हणजे २७४ मीटर, जेमतेम ९ सेकंद. आता लेन बदलायला काय लागतं ते बघा, आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून एक नजर, मागच्याला आपला इरादा कळायला दोन-तीन सेकंद, मग सावकाश सरकायचं, आणि पुढची लेन घ्यायच्या आधी पुन्हा तेच सगळं. मी डिझाइनचा विचार करताना एका लेनला ८ ते १० सेकंद धरतो, ते पण मोकळ्या रस्त्यावर. तिसरीतून पहिलीत यायचं म्हणजे दोन बदल, १६ ते २० सेकंद. चौथीतून आलात तर तीन बदल, २४ ते ३०. अर्ध्या मैलाचे एकूण सेकंद किती होते? २६. म्हणजे चौथ्या लेनमधून अर्ध्या मैलाच्या बोर्डावर निर्णय घेणाऱ्याचं गणित मोकळ्या रस्त्यावर सुद्धा काठावर आहे, आणि डावीकडच्या दोन लेनमध्ये ट्रकांची रांग असेल तर ते सुटतच नाही. तुम्ही तिसरीत होता, ट्रक नुकताच मागे टाकलेला, म्हणजे परत डावीकडे यायला तोच ट्रक पुरेसा मागे पडेपर्यंत थांबावं लागणार. तुमची चूक बोर्ड न वाचण्याची नव्हती, फाटा जवळ आलेला असताना ओव्हरटेक करत राहिलात ती होती.

मग बोर्ड दोन मैलांपासून, तीन मैलांपासून का लावत नाहीत? हा प्रश्न रास्त आहे आणि मला लोक नेहमी विचारतात. एक तर माणूस वाचलेलं विसरतो, फार आधी सांगितलं की दोन मिनिटांनी तो पुन्हा विचारात पडतो की हाच का तो फाटा. दुसरं कारण जास्त मोठं आहे. लंडनभोवती, मँचेस्टरभोवती, बर्मिंगहॅमभोवती जंक्शनं इतकी जवळजवळ आहेत की दोन मैल आधी लावलेला बोर्ड आधीच्या जंक्शनच्या अलीकडे पडेल, आणि मग लोक त्या आधीच्याच फाट्याला बाहेर पडतील. चुकीच्या फाट्यावर उतरवणारा बोर्ड हा नसलेल्या बोर्डापेक्षा वाईट. म्हणून ठरलेली पद्धत एक मैल आणि अर्धा मैल, आणि जिथे तेवढीही जागा नाही तिथे २/३ आणि १/३ मैल असे बोर्ड दिसतील. तुम्हाला कुठे २/३ दिसला तर समजून जा की इथे जंक्शनं दाटीवाटीनं आहेत, एकदम सावध व्हायचं.

बाकी हे सगळं जागेवर अवलंबून असतं हेही सांगितलं पाहिजे. कागदावर बरोब्बर एक मैल येतो तिथे नेमका पूल असतो, वळण असतं, नाहीतर दुसरा एखादा बोर्ड आधीच उभा असतो. आमच्या कामातला एक अनुभव सांगतो. एका जंक्शनची पाहणी आम्ही फेब्रुवारीत केली होती, वळणाच्या पुढे बोर्डाची जागा ठरवली, गाडीतून चार वेळा जाऊन बघितलं, छान लांबून दिसत होती. मे महिन्यात झाडांना पालवी फुटली आणि बोर्ड पानांमागे गेला, अगदी जवळ गेल्यावर अचानक समोर यायचा. इथल्या हिवाळ्यात झाडं खराट्यासारखी असतात आणि आम्ही खराटेच बघून आलो होतो. फांद्या तोडल्या, पण त्या दर वर्षी परत येणार, शेवटी बोर्ड हलवावा लागला, आणि बोर्ड हलवला की त्यावरचं अंतर खरं राहतंय का ते परत मोजावं लागतं. तेव्हापासून पाहणी हिवाळ्यात झाली असेल तर मी नकाशावर प्रत्येक झाडाला उन्हाळ्याचा घेर काढून बघतो.

प्रत्येक बोर्डाला आपलं काम दिलेलं असतं, ते कळलं की रस्ता वाचणं सोपं होतं. एक मैलाचा बोर्ड निर्णयासाठी. तो दिसला की माझा फाटा हाच का, एवढंच ठरवायचं, आणि हो असेल तर त्याच क्षणी ओव्हरटेक बंद, डावीकडे सरकायला सुरुवात. अर्ध्या मैलाच्या बोर्डापाशी तुम्ही शक्यतो डावीकडच्या लेनमध्ये आलेलेच असायला हवं, तो बोर्ड खात्रीसाठी. मग तीन पट्टे, दोन पट्टे, एक पट्टा, म्हणजे ३००, २०० आणि १०० यार्ड, मोटरवेवर निळ्या पाटीवर पांढरे तिरके पट्टे. यांच्यावर एक अक्षर नसतं, ते मुद्दाम. त्या वेळी डोळ्यांना वाचायचं काम द्यायचं नसतं, पुढची गाडी आणि फाट्याची सुरुवात बघायची असते. एका पट्ट्याला तीन सेकंद, असं तोंडात बसवून टाका. पट्टे दिसेपर्यंत जो दुसऱ्या लेनमध्ये आहे त्यानं फाटा सोडून द्यावा असं माझं ठाम मत आहे. आणि जास्तीची लेन उघडते तिथे शेवटचा बोर्ड, त्यावर अंतर नसतं. तो बोर्ड दिसला की वळायचं, आणि ब्रेक शक्यतो स्लिप रोडवर, म्हणजे मोटरवेवरून बाहेर नेणाऱ्या जोडरस्त्यावर, गेल्यावर लावायचा, मुख्य रस्त्यावर असताना मागच्याला दचकवायचं नाही.

आता एम२५च्या पश्चिम भागाकडे येऊ, कारण तिथे वरच्या साध्या चित्रात एक भर पडते. तिथे रस्ता खूप रुंद आहे, हीथ्रोचे फाटे, एम४, एम३ सगळं जवळजवळ, म्हणून बऱ्याच ठिकाणी बाजूच्या बोर्डांऐवजी डोक्यावर गँट्री, म्हणजे रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या बोर्डांच्या कमानी, असतात. गँट्रीवर बाण कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा. बाण खाली, सरळ लेनकडे रोखलेला असेल तर अर्थ असा की ही लेन तुमची, हिच्यात या. बहुतेक वेळा अशा ठिकाणी डावीकडची लेन, कधी दोन लेन, जास्तीची लेन न उघडता सरळ बाहेरच निघून जातात, याला आम्ही लेन ड्रॉप म्हणतो. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही आणि पहिल्या लेनमध्ये बसून राहिलात तरी बाहेर पडाल. नवख्या माणसाचा इथे दोन्ही बाजूंनी घात होतो, ज्याला सरळ जायचंय तो पहिल्या लेनमधून नको तिथे बाहेर पडतो आणि ज्याला बाहेर पडायचंय तो जास्तीची लेन उघडायची वाट बघत दुसऱ्या लेनमध्ये राहतो आणि ती उघडतच नाही. रस्त्यावरची खूण पण ओळखून ठेवा, निघून जाणाऱ्या लेनची तुटक रेष नेहमीपेक्षा जाड असते आणि तिचे तुकडे आखूड आणि जवळजवळ असतात. ती दिसली की पट्ट्यांची वाट बघत बसू नका, आपली लेन पकडा.

गँट्री एवढ्या खर्चाच्या, मग त्या का उभारतात? ट्रकांमुळे. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर साडेसात टनांवरच्या मालवाहू गाड्यांना सगळ्यात उजवीकडची लेन बंद असते, शिवाय वेगाला यंत्रानंच लगाम घातलेला, ताशी ५६ मैल. त्यामुळे ते डावीकडच्या दोन लेनमध्ये ओळीनं चाललेले असतात आणि तिसऱ्या लेनमधल्या छोट्या गाडीच्या ड्रायव्हरला डाव्या बाजूला नुसती भिंत दिसते. कडेचा एक मैलाचा बोर्ड कितीही मोठा केला तरी तो त्या भिंतीच्या पलीकडे राहतो. तुम्ही लिहिलंय की एक मैलाचा बोर्ड दिसल्याचं आठवत नाही, ते मला अगदी पटतं, तुम्ही तेव्हा ट्रकाच्या बरोबरीनं असणार. म्हणून तर दोन बोर्ड असतात, एक हुकला तर दुसरा मिळावा. पण वर सांगितलं तसं, दुसऱ्यावर विसंबून चालवलं तर सेकंद पुरत नाहीत, त्यामुळे जंक्शनचा नंबर जवळ आला की बोर्ड दिसायच्या आधीच डावीकडे यायची सवय लावा.

नंबरचा विषय निघालाय तर तो नीट सांगतो, कारण मी स्वतः बोर्ड वाचताना गावाचं नाव शेवटी वाचतो. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात काळ्या चौकटीत पांढरा आकडा असतो तो जंक्शनचा नंबर. निघण्यापूर्वी दोनच गोष्टी पाठ करा, जंक्शन नंबर आणि ज्या रस्त्यावर जायचंय त्याचा नंबर, तुमच्या बाबतीत १५ आणि एम४. आकडा वाचायला एक नजर पुरते, नाव वाचायला जास्त वेळ लागतो आणि त्यातून नवीन देशातलं नाव, ज्याचा उच्चार लिहिल्यापेक्षा भलताच. इंग्रजीत Slough असं लिहिलेलं बघून कोण स्लाऊ म्हणेल? शिवाय बोर्डावर तुमचं गाव असेलच असं नाही, आम्ही एका बोर्डावर चारच्या वर नावं जाऊ नयेत म्हणून धडपडतो कारण ७०च्या वेगात त्याहून जास्त कोणी वाचत नाही, त्यामुळे लांबच्या दिशेसाठी द वेस्ट, द नॉर्थ अशी मोठ्या अक्षरातली नावं येतात. नंबरच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, दोन मोटरवे एकमेकांना भेटतात तिथे जागा एकच असली तरी प्रत्येक रस्त्याचा नंबर आपला आपला. एम२५ आणि एम४ची गाठ एम२५वरून येणाऱ्याला जंक्शन १५ आहे आणि एम४वरून येणाऱ्याला ४बी. परत येताना तुम्ही १५ शोधत बसलात तर सापडणार नाही.

अक्षरांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ब्रिटनचा पहिला मोटरवे प्रेस्टन बायपास, डिसेंबर १९५८मध्ये सुरू झाला, आज तो एम६चा भाग आहे. त्याच्यासाठी जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी बोर्ड तयार केले आणि आजचे बोर्ड त्याच वळणाचे आहेत. त्याआधी गावांची नावं सगळी कॅपिटलमध्ये असायची. यांनी पहिलं अक्षर मोठं आणि बाकी लहान लिपी घेतली, कारण लहान लिपीत शब्दाला आकार येतो, काही अक्षरं वर जातात, काही खाली लोंबतात, आणि अक्षर न अक्षर वाचायच्या आधी नजर शब्द ओळखते. आजही आम्ही बोर्डाचा आकार आधी ठरवत नाही. आधी अक्षराची उंची ठरते, मोटरवेच्या बाजूच्या बोर्डावर लहान अक्षर ३०० मिलिमीटर म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढं, मग त्या उंचीचा चौथा भाग हे एक माप धरून दोन ओळींतली जागा, कडेची जागा, बाणाची जाडी सगळं त्याच मापात मोजत जातो, आणि शेवटी जो आकार येईल तो बोर्ड. एखाद्या हॉलच्या भिंतीएवढा होतो. गाडीतून तो एवढा मोठा वाटत नाही, कारण तो लांबून वाचला जावा म्हणूनच तसा केलेला असतो. अगदी जवळ आल्यावर वाचायचा म्हटलं तर मान वळवावी लागेल आणि नजर रस्त्यावरून निघेल. बोर्ड लांबून दिसला की लांबूनच वाचून टाका, त्याच्याखाली पोचेपर्यंत तुमचं काम झालेलं असलं पाहिजे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. तुमच्या मोबाईलवरचा नकाशा बहुधा अजून किलोमीटर-मीटरवर असेल, तो मैलांवर करून टाका. आता तुम्हाला कानात ८०० मीटर ऐकू येतं आणि समोर अर्धा मैल दिसतो, दोन्ही जवळजवळ एकच आहेत, पण गाडी चालवताना तो हिशेब डोक्याला विनाकारण करावा लागतो. आणि दुसरं, फाटा हुकला तर तुम्ही जे केलंत तेच बरोबर, पुढच्या जंक्शनला जाऊन परत यायचं. हायवे कोड, म्हणजे इथली वाहतूक नियमांची पुस्तिका, पण हेच सांगते. आपल्या एक्सप्रेसवेवर लोणावळ्याचा फाटा हुकला म्हणून कडेनं रिव्हर्स येणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील, मीही पाहिल्यात, अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. शेवटच्या क्षणी त्या तिरक्या रेषांच्या त्रिकोणावरून गाडी घालणं तितकंच वाईट. त्याच्या कडेची रेष सलग असेल तर आणीबाणीशिवाय त्यात शिरायला कायद्यानं बंदी आहे. एम४०पर्यंत जाऊन मागे यायला तुमची पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, मित्राचा चहा गार झाला असेल, तेवढ्यावर भागलं.

राहिल्या त्या छोट्या निळ्या पाट्या. तुम्ही आकडे मैलांशी जुळवून बघत होता आणि ते जुळणार नाहीत, कारण ते किलोमीटर आहेत. त्यांच्यावर तीन ओळी असतात, रस्त्याचा नंबर, एक अक्षर आणि एक आकडा, साधारण दर ५०० मीटरला एक पाटी. त्या वाट दाखवण्यासाठी नसतात, तुम्ही कुठे आहात ते सांगण्यासाठी असतात. अक्षर ए किंवा बी म्हणजे रस्त्याची बाजू, एम२५वर ए म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जाणारी, तुम्ही वोकिंगहून एम४कडे जात होता ती. स्लिप रोडला वेगळी अक्षरं असतात. कधी गाडी बंद पडली, अपघात बघितला आणि फोन करायची वेळ आली तर जंक्शन चौदाच्या जवळपास कुठेतरी असं सांगू नका, शेवटची दिसलेली पाटी जशीच्या तशी वाचा. पाटी दिसत नसेल तर कडेला दर १०० मीटरला एक बुटका खांब असतो, त्यावरही तेच किलोमीटर लिहिलेले असतात, आणि जवळच्या आपत्कालीन फोनकडे कुठल्या बाजूला चालायचं ते दाखवणारा बाण बऱ्याच खांबांवर असतो.